हाव-न्हाईची वही

हबीब सर, परवा तुमची शोकसभा झाली आणि मी तुमच्याविषयी इंग्रजीत बोलले. संस्थेचा तसा आग्रह होता. तुमचे परदेशात गेलेले विद्यार्थी मोबाइलवर बघणार होते. शिवाय इंग्रजीचे प्राध्यापक गेले म्हटल्यावर इंग्रजीच्या विभागप्रमुखांनी इंग्रजीतच बोललं पाहिजे, असं सचिवांचं म्हणणं पडलं. फोटोला हार घातला होता. तुमच्याकडे ती रीत नाही, तुमच्या पत्नीला, आमच्या भाभींना, ते रुचलं नसणार. फोटोत तुमच्या कपाळावर नेहमीची आठी होती. हसरा फोटो शोधण्यात पोरांनी दोन दिवस घालवले म्हणे.

मी काय बोलले ते सांगते. तुम्ही मृदू स्वभावाचे होतात, कुणाचं मन कधी दुखावलं नाहीत, आज ज्याला एम्प्लॉयबिलिटी स्किल्स म्हणतात त्याचा पाया लातुरात तुम्ही घातलात, आणि कृतार्थ आयुष्य जगून समाधानाने गेलात. एकही वाक्य अडखळलं नाही. असली वाक्यं मला झोपेतही येतात, तो माझा धंदाच आहे.

पहिल्या रांगेत भाभी होत्या आणि त्यांच्या शेजारी महानंदा. तुमची मुदखेडची महानंदा, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, जी बी.ए.च्या वर्गात हजेरीला ‘येस सर’ म्हणतानाही पदराआड लपायची. आता ती नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात पेशंट आणि डॉक्टर यांच्या मधल्या टेबलावर बसते. भाभींना इंग्रजी कळत नाही म्हणून ती माझं भाषण हळू आवाजात त्यांना सांगत होती. मी खाली उतरले, तशी तिने जुन्या सवयीने भाभींना विचारलं, “भाभी, मॅडम असं असं बोलल्या. हाव का न्हाई?” तुमचाच जुना प्रश्न, हो की नाही.

“न्हाई,” भाभी म्हणाल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, “सुकून से कहाँ गये वो, शोभा.”

सगळ्यात मागच्या रांगेत, चपलांच्या ढिगाजवळच्या खुर्चीवर, उदगीरचे मठपती सर बसले होते. त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही. मीही नाही.

तर हा माझा दुसरा प्रयत्न आहे, आणि यात जी गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे पळवाट राहणार नाही. तुमचा तास ज्या अहवालामुळे बंद झाला, तो मी लिहिला होता. मठपती सरांनी नाही. तुम्ही त्यांच्याशी शाळेपासूनची दोस्ती तोडलीत, मरेपर्यंत त्यांचं तोंड पाहिलं नाहीत, आणि मी ते बघत राहिले.

भूकंप झाला तेव्हा मी नुकतीच एम.ए. होऊन तुमच्याच हाताखाली तासिका तत्त्वावर लागले होते. कॉलेज बंद होतं. किल्लारीच्या बाजूची गावं ढिगारे होऊन पडली होती आणि तिकडे कुठून कुठून जीपा येत होत्या. येणाऱ्यांना मराठी येत नव्हतं आणि गावाला इंग्रजी. दुभाषे पाहिजेत म्हणून कॉलेजला निरोप आला, आणि तुम्ही दुसऱ्या वर्षाची पोरं-पोरी गोळा केलीत. मी म्हणाले, सर, यांना दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत. तुम्ही म्हणालात, तिथं गेल्यावर येतील. मला तो आडमुठेपणा वाटला होता. जी पोरं आम्ही वर्षभर व्याकरणात घोळवून मुकी करून ठेवली होती, ती चार दिवसांत पाण्याचा टँकर कधी येणार, सलाईन कुणाला लावायचं, मयताचा दाखला कुठे मिळतो, हे सगळं इंग्रजीत विचारायला लागली. चुकतमाकत, पण विचारायला लागली.

आणि मी, एम.ए. फर्स्ट क्लास, केवळाबाईंपुढे चुकले.

पत्र्याच्या शेडपुढे त्या बसल्या होत्या. नवरा आणि सासू ढिगाऱ्यात गेलेले. समोर एक परदेशी इंजिनिअर नकाशा पसरून बसला होता. नवं गाव कुठे बसणार, घरं कशी सरळ रांगेत येणार, ते मी त्याच्या वतीने त्यांना समजावून सांगितलं. त्यावर केवळाबाई जे बोलल्या ते मला अजून पाठ आहे. “घर कुटं बांधायचं ते मला इचारलं का? माझं रान हिकडं, घर तिकडं. बैल कुटं बांधू, चुलीपाशी? आसलं घर मला नगं.”

मी त्या साहेबाला सांगितलं की ही बाई तुमची फार आभारी आहे आणि घर लवकर मिळावं एवढीच तिची विनंती आहे. मुद्दाम खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. इतक्या लांबून माणूस आपल्यासाठी आलाय, त्याच्या तोंडावर असलं कसं सांगायचं, याची मला लाज वाटली. बाईचं बोलणं मला उघडं-वाघडं वाटलं आणि मी त्यावर पांघरूण घातलं. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला इंग्रजी आलं की आधी हेच सुचतं.

तुम्ही मागे उभे होतात. बाई रागाने थरथरत होती आणि समोरचा माणूस हसून हात जोडत होता. तेवढ्यावरून तुमच्या ध्यानात आलं. तुम्ही टँकरजवळच्या एका मुलीला हाक मारलीत, जिने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. तिला म्हणालात, साहेबांना विचार की बाई काय म्हणाल्या, आणि ते बाईंना परत सांग. तिने विचारलं आणि येऊन सांगितलं, “मावशी, साहेब म्हनतेत की तुमाला लई बरं वाटलं, आन् घर लवकर पायजे.” मग तुम्ही स्वतः उकिडवे बसलात आणि विचारलंत, “हाव का न्हाई, बाई?”

“न्हाई,” त्या माझ्याकडे बोट करत म्हणाल्या. “म्या आसं म्हनले न्हाई. ही पोरगी म्हनली आसंल.”

तुम्ही मला त्यांच्यासमोर ते सगळं पुन्हा सांगायला लावलंत, बैल आणि चूल यांच्यासकट. साहेबाचा चेहरा उतरला. त्याने लिहून घेतलं. त्या मुलीने ते पुन्हा केवळाबाईंना सांगितलं, आणि या वेळी त्या म्हणाल्या, हाव. मला वाटलं होतं, परतताना तुम्ही मला झापाल. तुम्ही लातूर येईपर्यंत जीपमध्ये डोळे मिटून बसलात. झापलं असतंत तर बरं झालं असतं.

नवं गाव शेवटी नकाशात होतं तिथेच बसलं. काही वर्षांनी आपण दोघं केवळाबाईंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सरकारी घरात कडबा भरला होता आणि स्वतः रानात पत्र्याखाली राहत होत्या. मी तुम्हाला म्हणाले, मग माझी चूक दुरुस्त करून काय मिळालं? घर तर जिथं व्हायचं तिथंच झालं. तुम्ही म्हणालात, घर आपल्या हातात नव्हतं, तिचं बोलणं पोचवणं आपल्या हातात होतं. तेव्हा मला ते उत्तर पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही. पण तुमचा पुढचा सगळा अभ्यासक्रम त्या एका दुपारीतून निघाला, हे खरं.

दुसऱ्या वर्षाला तुम्ही जोडविषय सुरू केलात. त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं. पोरं त्याला हाव-न्हाईचा तास म्हणायची. तिघांचा गट. वर्गात बसायचं नाही, ज्याचं खरोखर काही अडलंय असा माणूस शोधायचा. उदगीरच्या मोंढ्यातला व्यापारी, ज्याला परराज्यातल्या मिलला तुरीच्या मालाची तक्रार लिहायची आहे. नांदेडच्या स्टेशनवर पंजाबातून उतरलेलं म्हातारं जोडपं. मुरुडची बाई, जिच्या हातात दवाखान्याचा इंग्रजी कागद आहे आणि गोळी जेवणाआधी की नंतर ते कळत नाही. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने काम करायचं, आणि ज्याने आधी काहीच ऐकलेलं नाही अशा तिसऱ्याने ते त्या माणसाला त्याच्या भाषेत परत सांगायचं. मग तो माणूस म्हणणार, हाव किंवा न्हाई. तुमच्या लांबट बाइंडिंगच्या वहीत दोनच रकाने होते. मार्क तुम्ही देत नव्हतात, मोंढ्यातला व्यापारी देत होता, मुरुडची बाई देत होती. तिला सही येत नसेल तर अंगठा.

महानंदाला पहिल्या सहामाहीत सगळे न्हाई मिळाले. ती रडत तुमच्याकडे आली, तुम्ही तिला पाणीही विचारलं नाहीत. म्हणालात, मुरुडच्या त्या बाईकडं परत जा. ती सात वेळा गेली. आज ती डॉक्टरला तोंडावर सांगते, साहेब, पेशंटला कळलं नाही, पुन्हा सांगा. सगळ्या दवाखान्यात तसं बोलणारी ती एकटीच आहे. परवा ती मला म्हणाली की मुलाखतीत तिला इंग्रजी कुठे शिकलात असं विचारलं होतं, आणि ती म्हणाली, मुरुडच्या एका मावशीकडे.

तुमचं कौतुक करायला बसले नाही, पण हे राहिलं असतं तर भाभी पुन्हा न्हाई म्हणाल्या असत्या.

पुढे गावाला क्लासेसचं वारं लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे लटकले, मेस निघाल्या, वसतिगृहं निघाली, नांदेडपासून पोरं इकडे आणि इकडची पोरं नांदेडला जायला लागली. आमच्या संस्थेने कला शाखेच्या खोल्यांत प्लायवूडच्या भिंती घालून टेस्ट सिरीज बसवल्या. तुमचा नऊ नंबरचा वर्ग मधोमध चिरला गेला. तुम्ही खिडकीकडच्या अर्ध्यात शिकवायचात आणि पलीकडून घड्याळ लावून सोडवलेल्या पेपरांची शांतता ऐकू यायची. पालक विचारायचे, या हाव-न्हाईचे मार्क कुठे लागतात? तुम्ही म्हणायचात, लागत नाहीत. वर्गात पोरं कमी होत गेली आणि तुम्हाला त्याचा राग यायचा, पण पालकांना नीट समजावून सांगायला तुम्ही कधी बसला नाहीत. लिहून काढा म्हटलं तर लिहायचा नाहीत. तुमची ही अडेलतट्टू वृत्ती मला तेव्हाही असह्य होत होती. तुम्ही दहा पानं लिहिली असतीत तर पुढे तो अहवाल लिहिणं मला इतकं सोपं गेलं नसतं.

त्याच सुमाराला सचिवांनी मला स्पोकन इंग्लिश आणि मुलाखतीचं पुस्तक तयार करायला सांगितलं. मी तासिका तत्त्वावर दहा वर्षं काढली होती. दर जूनमध्ये नवा अर्ज, दर मार्चमध्ये घरी. मी पुस्तक केलं. मुलाखतीतले नेहमीचे प्रश्न आणि पाठ करायची उत्तरं. तुम्ही ते कुठूनतरी मिळवलंत आणि स्टाफरूममध्ये एका मुलीला उभं करून विचारलंत, स्वतःविषयी सांग. तिने घडाघडा म्हणून दाखवलं की मी मेहनती आहे, आव्हानं मला आवडतात, दबावाखाली काम करणं मला जमतं. तुम्ही ते तिला मराठीत परत सांगितलंत आणि विचारलंत, हाव का न्हाई? ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, “मला काय म्हाईत, सर? म्याडमनी लिवलंय.” तुम्ही पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून निघून गेलात. स्टाफरूममधले सगळे हसले. मी त्या दिवशी तुमच्यावर इतकी चिडले होते की पुढचं सगळं त्या रागातून झालं, असं म्हणायला मला आवडेल. तसं ते नव्हतं. मला कायम व्हायचं होतं.

तुमच्या विषयाचं काय करायचं हे ठरवायला संस्थेने समिती नेमली. अध्यक्ष सचिव, बाहेरचे सदस्य मठपती सर, अहवाल लिहायला मी. मठपती सर उदगीरहून एसटीने आले. तुम्ही कामात म्हणून त्यांना भेटला नाहीत, आणि समितीआधी भेटणं बरं नाही असंही तुमचं म्हणणं. बैठकीत ते एकच वाक्य बोलले, आणि ते मी वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं. “मार्क कसे मोजायचे तेवढं ठरवा, बाकी हे चालूच ठेवा, असलं काम दुसरीकडं कुटं न्हाई.” सचिवांचा चेहरा मी पाहिला. चहाच्या वेळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, अहवाल नीट लिहा, तुमच्या ऑर्डरचंही बघायचंय.

मी नीट लिहिला. मठपती सरांच्या वाक्याचा पहिला तुकडा ठेवला आणि दुसरा सोडून दिला. ‘प्रा. मठपती यांनी मूल्यमापनाविषयी व्यक्त केलेली शंका लक्षात घेता, निरक्षर व्यक्तींच्या अभिप्रायावर आधारित हा विषय पुढे चालू ठेवणे समितीस उचित वाटत नाही.’ उचित हा शब्द शोधायला मला वेळ लागला नाही. मठपती सरांची उदगीरची गाडी लागायला आली होती. त्यांनी उभ्या-उभ्या सही केली. वाचून बघा म्हणाले मी. ते म्हणाले, हबीबच्या हाताखालची पोरगी, तुझं काय वाचायचं.

तुम्हाला अहवालाची प्रत मिळाली तेव्हा तुम्ही ते एकच नाव पाहिलंत. माझ्या सहीकडे तुमचं लक्ष गेलं नाही. मी तर नुसती लिहिणारी. त्या वर्षी येळवसला, वेळा अमावास्येच्या रानजेवणाला, तुम्ही मठपतींच्या रानात गेला नाहीत. आयुष्यभर दर वर्षी जात होतात, भाभी आणि मुलांना घेऊन, आंबील प्यायला आणि भज्जी खायला. ईदचा शीरखुर्म्याचा डबा उदगीरला जायचा थांबला. त्यांचं पत्र आलं ते तुम्ही न फोडता परत पाठवलंत. त्यांना अहवालातलं वाक्य कळलं तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी म्हणाले, सचिवांनी बदललं असेल, सर. ते म्हणाले, असंल. पुढच्या जूनमध्ये मला कायमची ऑर्डर मिळाली आणि पेढे मी पहिल्यांदा तुमच्याच घरी आणले. तुम्ही दोन खाल्लेत.

आता माझं भांडण ऐका, सर, कारण उलट बोलायला तुम्ही नाही आहात म्हणून मी ते सोडणार नाही. मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला तुम्ही विचारलंत, मुरुडच्या बाईला विचारलंत, केवळाबाईंपुढे तुम्ही मातीत उकिडवे बसलात. प्रत्येकाचं बोलणं त्याला परत ऐकवल्याशिवाय खरं मानायचं नाही, हे तुम्ही आम्हाला दहा वर्षं शिकवलंत. मग मठपतींना एकदा का नाही विचारलंत? उदगीर किती लांब होतं? एसटीत बसायचं, त्यांच्या दारात जायचं आणि म्हणायचं, तू असं म्हणालास म्हणे, हाव का न्हाई. मी तेवढ्यावर उघडी पडले असते. तो कागद टाइप केलेला आणि शिक्का मारलेला होता, म्हणून तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात. मला याचा राग येतो, आणि तो राग माझा गुन्हा झाकायच्या कामी येतो हेही मला कळतं. दोन्ही खरं आहे.

तुमच्या आजारपणात मी आठवड्यातून एकदा यायचे. तुम्ही गादीवर, उशाला जुन्या वह्या. एकदा मी धीर करून म्हणाले, मठपती सरांना कळवू का? तुम्ही म्हणालात, “त्या माणसाचं नाव या घरात नको.” मी उठून चहा टाकायला आत गेले. भाभींनी चहा आधीच केला होता. दोन मिनिटं मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले आणि मग कप घेऊन बाहेर आले. तुम्ही विचारलंत, आजकालची पोरं कशी आहेत? मी म्हणाले, चांगली आहेत.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी भाभींकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. महानंदा नांदेडला परतायची होती, तिला थांबवून घेतलं होतं. भाभींनी मधेच हात वर केला. म्हणाल्या, “मेरे कू नक्को बोल. उदगीर जा.” रडल्या नाहीत, मला उठही म्हणाल्या नाहीत. कपाटातून तुमची एक वही काढून महानंदाच्या हातात दिली. माझ्या हातात दिली नाही.

त्याच दुपारी आम्ही दोघी उदगीरला गेलो. महानंदाला मी मुद्दाम बरोबर नेलं, कारण माझ्या तोंडावर माझाच भरवसा नव्हता. मठपती सर पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. फार थकलेत. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. बैठक, चहा, वाक्याचे दोन तुकडे, फोन, ऑर्डर, पेढे. ते ऐकत राहिले. मी थांबले तेव्हा ते माझ्याकडे न बघता महानंदाला म्हणाले, “पोरी, हिनं काय सांगितलं ते मला परत सांग.”

तुमची पद्धत त्यांना ठाऊक होती, सर. आमच्या आधीपासून ओळखत होते ते तुम्हाला.

महानंदाने सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. ‘मॅडमनी तुमचं अर्धं वाक्य खाल्लं आणि सरांना तुमच्यावर सोडलं,’ असं सांगितलं. मठपती सरांनी मान वळवून मला विचारलं, हाव का न्हाई?

मी म्हणाले, हाव.

मला वाटलं, आता जा म्हणतील. आतून सूनबाईंनी पाणी आणलं, ते आम्ही प्यायलो. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “येळवसला त्याचं पान मी दरसाल मांडलं,” ते म्हणाले. “सून म्हनायची, येनार न्हाईत, कशाला मांडता. बरं, मला एक सांग, शोभा. तू शेवटपर्यंत जात व्हतीस त्याच्याकडं. शेवटी-शेवटी माझं नाव काढायचा का?”

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. रोज काढायचे, सर. फार आठवण काढायचे. इंग्रजीत, मराठीत, कुठल्याही भाषेत तयार होतं. समोर म्हातारा माणूस, डोळे भरलेले, आणि ते खोटं आहे हे सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. महानंदा वही मांडीवर धरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “न्हाई, सर. एकदा मी काढलं, तर या घरात नको म्हणाले.”

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. महानंदाने तुमची वही उघडली, मागच्या कोऱ्या पानावर हाव-न्हाईचे दोन रकाने आखून त्यांचं नाव लिहिलं, आणि पेन त्यांच्या हातात दिलं.